घाईत फेडलेला नवस

“पुरणपोळ्या कशाबद्दल?” डॉ. मुल्लाणींनी विचारलं.

“काल नवस फेडला. या तुमच्या वाटणीच्या.”

“कसला नवस?”

“माझाच. म्हणजे मी बरी असल्याचा.”

डॉक्टरीणबाईंनी डबा उघडला होता, तो हळूच झाकला. “आणि तुम्ही बऱ्या आहात हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“रिपोर्टनं.”

“कुठल्या? तुकड्याच्या? तो तर मी अजून पाहिलेलाच नाही.”

मी पिशवीतून कागद काढून दिला. चार दिवस तो आमच्या देव्हाऱ्यात होता, त्यामुळे त्याच्यावर हळदकुंकू पडलं होतं आणि एका कोपऱ्याला निरांजनातलं तूप लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कुंकू फुंकरीनं उडवलं आणि वाचायला घेतलं. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाल्या, “रिपोर्ट चांगला आहे.”

मी हसले.

“म्हणूनच मला तो आवडलेला नाही.”

या गोष्टीला आता पंचवीसएक वर्षं झाली. आम्ही सांगलीचे, दवाखाना मिरजेला. आमचे हे, सर्जेराव खराडे, हळदीच्या पेठेत दलाल. लॅबमधला रिपोर्ट तेच घेऊन आले होते. पेठेतल्या माणसाच्या हातात कागद पडला की तो आधी खालची ओळ वाचतो. खालच्या ओळीत ‘कॅन्सर आढळला नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी होतं. तेवढं यांना कळलं. मग डॉक्टरांकडे कशाला जायचं, असं म्हणून ते सरळ घरी आले आणि दारातूनच ओरडले, “आई, सुटलो!”

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांनी कागद यांच्या हातातून काढून घेतला, उलटा-सुलटा पाहिला, देवापुढे ठेवला आणि हरभऱ्याची डाळ भिजत घातली. अख्ख्या गल्लीला पुरणाचं जेवण घालीन, असा त्यांचा नवस होता. तो कुठल्या देवीला, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. गल्लीत त्यावर दोन तट पडले. एक तट डोंगरावरच्या देवीचा आणि दुसरा माझ्या माहेरच्या देवीचा. जेवायला मात्र दोन्ही तट आले.

हे सगळं सुरू झालं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून. त्या वर्षी आमच्या महिला मंडळानं वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे न देता गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी द्यायचं ठरवलं. वाणात डबा नाही म्हटल्यावर निम्म्या बायका तिळगूळ घेऊन परत गेल्या. मी मंडळाची चिटणीस, मला पळता येईना. पडद्यामागे गेले, लाकडी चमच्यासारख्या काडीनं तिथल्या नर्सबाईंनी काही तरी खरवडलं, काचेवर पसरलं आणि मी पुन्हा बाहेर येऊन अत्तर लावायला बसले. मंडळातल्या सगळ्या काचा ठीक निघाल्या, एक सोडून. मी चिटणीस असल्यामुळे तो निरोप घ्यायला मीच गेले होते आणि दुसऱ्या कुणाचा असेल म्हणून मी चांगला धीर द्यायची तयारी करून गेले होते.

मग मिरज. मग डॉ. मुल्लाणी. त्यांनी व्हिनेगरसारखं काही लावलं, दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिलं आणि जिथे पांढरं दिसलं तिथले बारीक तुकडे काढून लॅबला पाठवले. त्याच तुकड्यांचा हा कागद, कुंकू लागलेला.

“शालनताई, बसा,” त्या म्हणाल्या. मी बसलेलीच होते, तरी जरा अजून बसले.

“असं समजा, माझ्यापुढे दोन साक्षीदार आहेत. पहिला म्हणतो, घरात चोर आहे. दुसरा म्हणतो, मी पाहिलं तिथे कोणी नव्हतं.”

“मग खोटं कोण बोलतंय?”

“दोघंही खरं बोलत असतील. दुसऱ्याला मी ओसरीवर उभं केलं होतं. चोर माजघरात असला तर त्याला काय दिसणार?”

“तुम्ही माजघरात का नाही उभं केलं?”

त्यांना हा प्रश्न आवडला असावा. “मला दिसलंच नाही तिथवर. हा आजार जिथून सुरू होतो ना, ती एक सीमा असते. तरुणपणी बाहेर दिसते. पाळी गेली की ती आत सरकते. तुमची आत गेलेली आहे. मला जेवढं दिसलं तिथलं मी घेतलं. जे घेतलं ते चांगलं आहे. जे घेतलंच नाही, त्याबद्दल हा कागद काही बोलत नाही.”

“आणि पहिला साक्षीदार उगाच ओरडला असेल तर?”

“तेही होतं. नुसती सूज असते आणि काच बघणाऱ्याला भलतंच वाटतं. ती काच मी पुन्हा दुसऱ्याकडून पाहून घेते. पण एवढ्या जोरात ओरडणारा सहसा उगाच ओरडत नाही. मला आतला एक तुकडा हवाय. शंकूसारखा. भूल द्यावी लागेल, दोन दिवस राहावं लागेल. काही असलंच तर बहुतेक त्या तुकड्याबरोबरच निघून येईल.”

“आणि नसलं तर?”

“तर तुम्हाला उगाच त्रास दिला म्हणून मला शिव्या द्या. मला चालेल.” त्यांनी डबा टेबलाच्या खणात ठेवला. “पोळ्या ठेवून घेते. त्यांचा काही दोष नाही.”

घरी येऊन मी यांना सांगितलं. हे ओसरीवर पाय धूत होते. हळदीच्या दिवसांत यांचे पाय घोट्यापर्यंत पिवळे असत, नव्या नवरदेवासारखे.

“म्हंजे लॅबवाले खोटं लिहितात?”

“खोटं नाही. जेवढं दिलं तेवढं त्यांनी पाहिलं.”

“मग परत कशाला? डॉक्टर लोकांचं असंच असतं. एकदा हातात माणूस सापडलं की सोडत नाहीत. आणि गल्लीला काय सांगू मी? काल जेवून गेलात, ते चुकून?”

“पेठेत तुम्ही काय करता?” मी विचारलं.

“काय करतो?”

“पोत्यात ती पोकळ सळई खुपसता. एकदाच खुपसता का?”

“त्याचा काय संबंध?”

“वरून खुपसता, बाजूनं खुपसता, तळाला खुपसता. वर चांगला माल भरून खाली भुसा घालणारे शेतकरी तुम्ही ओळखता. पोत्यावर तुमचा एवढा अविश्वास आणि बायकोवर एका टोचणीत विश्वास?”

मला वाटलं, आता हे हसतील. आमच्यात भांडण मिटायचं ते असंच. पण यांनी तांब्या खाली ठेवला आणि ओल्या पायांनीच उभे राहिले.

“पोतं मेलं तर मला काय होत नाही, शालन.”

मी पाय पुसायचा पंचा पुढे केला.

“एकदा चांगलं ऐकलंय मी. कानांनी ऐकलंय. आता परत जाऊन वाईट ऐकायला लावतीस?” आणि पाय न पुसता आत निघून गेले. फरशीवर पिवळी पावलं उमटली.

यांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. कारण मलाही जायचं नव्हतं. डॉक्टरीणबाईंपुढे प्रश्न विचारताना मी फार शहाणी होते. बस सांगलीच्या वेशीशी आली तोवर त्यातलं निम्मं शहाणपण उतरलं होतं. अंगात दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. ताप नाही, रक्त नाही. शिवणाच्या क्लासला मुली येत होत्या, मी त्यांना काखेची कापणी शिकवत होते. बऱ्या असलेल्या माणसानं हॉस्पिटलात जाऊन झोपायचं, आपल्याच अंगाचा एक तुकडा काढून द्यायचा आणि कशासाठी, तर काही आहे का हे पाहायला! शिवाय बायकांचं बोलणं तर होतंच. नळावर एकीनं म्हटलं, “नवस फेडल्यावर संशय घेतला की देवीला राग येतो बघा.” दुसरी म्हणाली, “आमच्या पाहुण्यांत एकीचं असंच झालं.” काय झालं ते तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, इतकं मी ते मनात वेगवेगळ्या तऱ्हेनं पुरं केलं.

आत्याबाई काहीच बोलत नव्हत्या. हे मला सगळ्यांत जड जात होतं. एरवी मीठ कमी पडलं तरी त्या तीन पिढ्यांपासून सुरुवात करायच्या. नवस त्यांचा, जेवण त्यांनी घातलं. त्यांच्या तोंडासमोर तुमचा नवस कुचकामी ठरला, असं म्हणून मी मिरजेची बस कशी पकडायची? हे मला ‘नको जाऊ’ म्हणाले होते. आत्याबाईही म्हणाल्या असत्या तर मी सुटलेच असते. खरं तर मी त्याचीच वाट बघत होते.

बुधवारी जायचं होतं. मंगळवारी दुपारी आत्याबाई चिंच घेऊन देव घासायला बसल्या. मी शेजारी बसून पुसून देत होते. सगळे देव झाले तशी त्यांनी पदर सारला, गळ्यातला दोरा काढला आणि त्यातला टाक माझ्या हातात दिला. हा टाक म्हणजे चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर बाईचं चित्र ठोकलेलं. बायको मेलेल्या पुरुषाशी जी दुसरी लग्न करते, तिनं त्या आधीच्या बाईच्या नावानं तो गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. सणाला नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, गोडाचं ताट आधी त्याला. आत्याबाई मामंजींची दुसरी बायको, हे मला ठाऊक होतं. पहिलीबद्दल घरात कोणी बोलत नसे. ‘ती’ म्हणत, तेही क्वचित.

“घास,” त्या म्हणाल्या. “जपून. नाक झिजलंय तिचं.”

मी घासू लागले.

“उद्या किती वाजताची गाडी हाय?”

“माझं अजून ठरलं नाही, आत्याबाई.”

“का?”

“तुमचा नवस...”

“माझ्या नवसाचं मी बघून घेईन. तुला काय म्हाईत, मी कुणाला बोलले हुते?”

“डोंगरावरच्या देवीला ना?”

“डोंगरावरच्या देवीला काय कळतंय यातलं?” आत्याबाई म्हणाल्या. “ती का कधी आजारी पडलीया? मी हिला बोलले हुते.”

माझ्या हातातला पत्रा एकदम जड वाटला.

“हिचं नाव सगुणा,” त्या म्हणाल्या. त्या घरात तीस वर्षं काढून ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. “अंगावर जात हुतं म्हन. बारा म्हयने जात हुतं. जुन्या वाडीची बाई हुती न्हवं, सरूआक्का, तिनं सांगितलं मला हे, मी नवी आले तवा. एक डाक्टर आला हुता पुण्याहून, कुठल्या लगनाला. त्याला दाखवलं. त्यानं हात लावून बघितलं म्हन आन् म्हनला, काय न्हाई, बाईच्या जातीला चालायचंच. सगळी खूस झाली. सासूनं ओटी भरली. हिनं तेवढं एकदा नवऱ्याला म्हटलं, अजून कुनाला तरी दाखवूया का? तर सासू म्हनली, एकदा बघितलंय न्हवं?”

“मग?”

“मग मी आले.”

चिंचेचं पाणी ताटलीत हिरवट झालं होतं. आत्याबाईंनी ते हलवून पाहिलं, जणू त्यात काही राहिलं असावं.

“तिला काय झालतं, मला ठाव न्हाई. कुनी बघितलंच न्हाई त्ये. पर शालन, पन्नास वर्सं मी ही गळ्यात बांधून फिरतीया. तुझा पयला कागद आला तवा मी हिलाच म्हटलं, बाई, तू तर या वाटंनं गेलीयास. हिला वाचव. सर्जाच्या घरात दुसरी येऊ दिऊ नगंस. गल्लीला जेवायला घालीन.”

“आणि घातलंत.”

“घाई झाली माझी. सर्जा ‘सुटलो’ म्हनला आन् माझी अक्कलच गेली बघ.” त्या जरा थांबल्या. “सासूगत वागले. तिच्या.”

मी टाक धुऊन पुसला. खरंच, नाक झिजलं होतं. डोळे मात्र शाबूत होते.

“तिला राग येईल म्हणतात बायका. पुन्हा दाखवायला गेले तर.”

“येऊ दे की. आला तर माझ्यावर यील, तिची जागा मी घेतलीया.” आत्याबाईंनी दोरा पुन्हा गळ्यात घातला. “पर न्हाई यायचा. ‘अजून कुनाला तरी दाखवूया’ म्हनून बसलीया ती कवाची. गाडी कितीची हाय?”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. हे येणार नव्हते. स्टँडवर आधीच येऊन उभे होते आणि आम्ही दिसल्यावर ‘मिरजेत एका पार्टीला भेटायचंय’ असं म्हणाले. त्या पार्टीला ते दोन दिवस माझ्या खाटेशेजारी बसून भेटत होते.

तुकडा निघाला. शुद्धीवर आल्यावर मी डॉक्टरीणबाईंना त्याचं माप विचारलं, सवयीनं. त्यांनी बोटाचं टोक दाखवलं. एवढ्याशासाठी एवढा पसारा, असं मला वाटलं.

मग रिपोर्टची वाट बघायची. या वेळी यांनी लॅबवाल्याला दम देऊन ठेवला होता की, कागद यांच्याही हातात द्यायचा नाही, डॉक्टरांनाच द्यायचा. ते दिवस यांनी पेठेत कसे काढले ठाऊक नाही. घरी यायचे, ताटावर बसायचे आणि घास हातात धरून भिंतीकडे बघत राहायचे.

डॉ. मुल्लाणींनी आम्हाला तिघांनाही आत बोलावलं. पुरुषमाणसाला त्या खोलीत सहसा येऊ देत नसत. हे भिंतीवरच्या गर्भाशयाच्या चित्राकडे पाठ करून बसले.

“चोर होता,” त्या म्हणाल्या.

हे उभे राहिले. आत्याबाईंनी यांचा सदरा धरून खाली बसवलं.

“अगदी आत होता, पण नुसता वरच्या थरात. खाली उतरला नव्हता. याला अजून पुरता कॅन्सर म्हणत नाहीत, त्याच्या आधीची पायरी म्हणतात. असाच सोडला असता तर पुढे कधी तरी बहुतेक उतरला असता. तो सगळा या तुकड्यात आलाय. तुकड्याच्या कडा चारी बाजूंनी साफ आहेत.”

“म्हणजे मागचा कागद खोटाच होता!” हे म्हणाले. यांना आता कुणावर तरी ओरडायला हवं होतं.

“नाही हो, खराडेसाहेब. मागचा खराच होता. तुम्ही त्याच्याकडून जास्त ऐकलंत.”

यावर यांनी रुमाल काढला आणि बराच वेळ चष्मा पुसला. चष्मा यांच्या खिशातच होता, हे नुसता रुमालच पुसत होते.

आत्याबाई पुढे सरकल्या. “डाक्टरीनबाई, म्हंजे आता साफ झालं?”

“आजी, तुकड्याच्या कडा साफ आहेत. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं.”

“आन् तवा काय न्हाई निघालं तर?”

“तर त्यानंतर पुन्हा.”

“किती दिस?”

“बघत राहायचं, आजी. बघणं थांबवायचं नाही, एवढंच.”

आत्याबाईंनी मान डोलावली, सोनाराचा भाव पटल्यासारखी.

बाहेर पडलो तेव्हा ऊन चढलं होतं. हे आता पुरते माणसात आले होते. स्टँडपर्यंतचा रस्ता यांनी निम्मा मागे वळून बोलण्यात काढला. “आई, आता मातर खरोखर सुटलो. या खेपेला दोन गल्ल्या जेवू घालायच्या. कटाची आमटी मी स्वतः...”

“न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या.

“का? नवस बोलली न्हाईस व्हय या वेळी?”

“बोललीया. मोठा बोललीया. पर फेडायचा न्हाई.”

“आई, असं करतात का कुठं?”

“मागल्या खेपेला आपन फेडला, ती म्हनली, झालं माझं काम, आन् गेली उठून. आता येनं बाकी ऱ्हाऊ दे तिचं आपल्याकडं. ज्याचं येनं असतं त्यो घराभवती फिरत असतो, सर्जा. दारातनं हलत न्हाई.”

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बसची पाटी वाचत होते.

आत्याबाई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटी त्यांनी दोरा माझ्या हातात दिला. मी दुसरेपणाची नाही, मला तो गळ्यात घालायचा हक्क नाही, म्हणून टाक देव्हाऱ्यात आहे. डॉ. मुल्लाणी निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी माझ्या क्लासमधल्या मुलींपेक्षाही लहान दिसते, पण बघते नीट. दर वर्षी मी जाते, काही निघत नाही, परत येते. हे दारात बसलेले असतात. यांचे दात गेलेत, मऊ काही असलं की डोळ्यांत चमक येते.

“काय म्हणाली?”

“काही नाही म्हणाली.”

“मग? डाळ भिजत घालायची?”

“अजून नाही,” मी म्हणते. आमच्या सुनेला वाटतं, सासू चिक्कू आहे. वाटू दे.

पाय धुऊन मी देव्हाऱ्यापुढे जाते. झिजल्या नाकाच्या त्या बाईला सांगते, “सगुणाबाई, या वर्षीही काही निघालं नाही.” आणि ती कुठे उठायला लागेल म्हणून घाईनं पुढे म्हणते, “पण तुम्ही बसा.”